क्लासला नाव द्यायचं की नाही: बीईएम आणि टेलविंड

नव्या प्रोजेक्टात सीएसएसवरचा (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेवरचा) वाद बहुतेक वेळा ओळ आत सरकवायला दोन स्पेस की टॅब इथेच रंगतो. त्यात वेळ घालवू नका, प्रिटिअर हा कोड आपोआप नीट मांडणारा फॉरमॅटर बसवा आणि मोकळे व्हा. सीएसएस तपासणाऱ्या स्टाइललिंटनेही 2023 साली मांडणीचे नियम मोडीत काढायला घेतले आणि ते काम फॉरमॅटरवर सोडलं. प्रॉपर्टींचा क्रम तेवढा प्रिटिअर बदलत नाही. तो वर्णानुक्रमे की गटवार, हे टीमने ठरवावं. खरं डोकं लावायचं ते क्लासच्या नावांवर, म्हणजे पानावरच्या घटकाला रूप देण्यासाठी जी लेबलं लावतो त्यांवर.

बीईएम ही नावं देण्याची पद्धत, यांडेक्स या रशियन कंपनीची देणगी: ब्लॉक, एलिमेंट, मॉडिफायर. म्हणजे ‘कार्ड’, ‘कार्ड__टायटल’, ‘कार्ड--फीचर्ड’. टाइप करताना कंटाळा येतो, हे खरं. पण प्रत्येक नियम एकाच क्लासवर असल्याने स्पेसिफिसिटी (कुठला नियम वरचढ ठरेल ते ठरवणारं वजन) सारखी राहते आणि नियम जबरदस्तीने लागू करायला जिथे-तिथे ‘इम्पॉर्टंट’ ठोकावं लागत नाही. नवखे लोक ‘कार्ड__हेडर__टायटल’ अशी साखळी लावतात. तसं करायचं नसतं. टायटल कितीही खोल असलं तरी ते कार्डचंच.

टेलविंड हे तयार क्लासचं फ्रेमवर्क 2017 मध्ये आलं. त्यात नाव शोधायची कटकटच नाही: ‘फ्लेक्स’, ‘पी-4’ (पी म्हणजे पॅडिंग, आतली मोकळी जागा) थेट एचटीएमएलमध्ये लिहायचं. मार्कअप मात्र बटबटीत होतं. ‘पी-2 पी-4’ एकत्र लिहिले, तर तुम्ही कुठला शेवटी लिहिला याला काही अर्थ नसतो. स्टाइलशीटमध्ये जो नंतर येतो तो जिंकतो. शिवाय टेलविंड तुमच्या फाइली नुसता मजकूर म्हणून चाळतं. ‘बीजी-’ला (पार्श्वभूमीच्या रंगाच्या क्लासची सुरुवात) व्हेरिएबल जोडून क्लास बनवलात, तर तो त्याला सापडत नाही आणि रंग गायब.

रिअ‍ॅक्टसारख्या लायब्ररीत, कंपोनंटमध्ये (पुन्हा पुन्हा वापरायच्या तुकड्यांत) काम असेल तर मी टेलविंड घेईन, कारण तिथे बटण एकदाच लिहिलं जातं. वर्डप्रेसची थीम असेल, किंवा मजकूर दुसरेच कोणी भरत असतील, तर बीईएम. सीएसएस मॉड्यूल्स (क्लासची नावं त्या-त्या फाइलीपुरती ठेवणारी पद्धत) घेतलंत तर नावं कॅमलकेसमध्ये, म्हणजे ‘cardTitle’ अशी जोडून ठेवा. हायफनचं नाव जावास्क्रिप्टमध्ये डॉट लावून वाचता येत नाही.

हौस म्हणून क्लासचं नाव देवनागरीत दिलं तरी सीएसएसला चालतं. पण ‘ऱ’ एकसंध टाइप होतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता मिळूनही. दिसायला एकच, ब्राउझरसाठी वेगळे. एचटीएमएलमधला ‘दुसऱ्या’ आणि स्टाइलशीटमधला ‘दुसऱ्या’ जुळेलच असं नाही. नावं रोमनमध्येच ठेवलेली बरी.