मागाच्या खोलीतली फरशी: आठ महिन्यांनंतर

सोलापुरात साखर पेठेतलं आमचं घर जुनं. पुढच्या खोलीत आधीच्या मालकाचे दोन पॉवरलूम चालायचे. आम्ही घर घेतलं तेव्हा माग गेले होते, शहाबादी फरशी मात्र तशीच होती, मधोमध बशीसारखी दबलेली. जेवायला बसलं की ताटातली आमटी भाकरीकडे पळायची. आई शेंगाचटणीचा बांध घालून ती अडवायची. कपाटाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी कायमची.

गड्डा यात्रा उरकल्यावर फेब्रुवारीत काम काढलं. आता दिवाळी तोंडावर आलीय. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या फरशीवरून गेला, म्हणून लिहायला बसलो.

पहिला मिस्त्री उभ्या उभ्याच म्हणाला, "उगं कशाला उकरायलाय साहेब, वरूनच माल टाकून लेव्हल करून देतो की." दुसरा आला तो काठी घेऊन फरशी ठोकत फिरला. कडेला टणक आवाज, मधे बद्द. मग पाण्याची नळी लावून भिंतींवर खुणा केल्या, दोरी ताणली. दारापासून खोलगटापर्यंत पावणेदोन इंचांचा फरक निघाला. वरून भरलं असतं तर मधे जाड माल, कडेला पातळ, आणि खालचा भराव बसतच राहिला असता. काम दुसऱ्याला दिलं.

फरशी उचलली तर खाली सगळी काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यावर वर्षानुवर्षं मागांचा दणका, शिवाय एका कोपऱ्यात घुशीचं बीळ. माग बसवलेल्या जागी बोल्टांसकट काँक्रीटचे ठोकळे होते, तेल पिऊन काळे पडलेले. मला वाटलं, एवढे भक्कम आहेत तर राहू देत. मिस्त्रीने ओंजळभर पाणी त्यावर शिंपडलं. थेंब गोल होऊन वरच बसून राहिले. "पाणी पीत नाही, म्हणजे सिमेंटपण धरणार नाही," म्हणाला. ते फोडण्यात ब्रेकरचा एक अख्खा दिवस गेला. गल्लीतल्या एकाही माणसाने आवाजाबद्दल तक्रार केली नाही. मागांची सवय असणार.

दीड फूट माती काढून मुरूम भरला, तीन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोकून. त्यावर चार इंच पीसीसी, म्हणजे सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी), आणि वर दीड इंच मालाचा सपाट थर. खरी परीक्षा पाण्याची झाली. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी, आणि काँक्रीट सात दिवस ओलं ठेवायचं. पोती भिजवून अंथरली, तरी शेवटी टँकर मागवावा लागला. हा खर्च आधीच धरून ठेवा, मी धरला नव्हता.

टाइल लावण्याआधी मिस्त्रीने आठ फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी खोलीभर फिरवली. पट्टीखाली रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवायची, म्हणजे साधारण तीन मिलीमीटर. सरकली तर तिथे खड्डा. खिडकीजवळ सरकली, तेवढी जागा पुन्हा भरली. दोन बाय दोन फुटांच्या मोठ्या टाइलला एवढं लागतंच, नाहीतर एकीची कड दुसरीच्या वर राहते आणि अनवाणी पायाला लगेच कळतं. टाइल व्हिट्रिफाइड, ती पाणी जवळपास शोषतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटऐवजी अ‍ॅडेसिव्ह वापरलं. अ‍ॅडेसिव्हचा थर काही मिलीमीटरचाच. खड्डे भरायचं काम त्याचं नाही.

आज पुढची खोली एकदम ठीक आहे. परवा पुन्हा काठी ठोकून फिरलो, एकही टाइल पोकळ वाजली नाही. पुठ्ठा कपाटाखालून निघाला, आमटी ताटात जागेवर थांबते. कुरबुरी तीन. दार खालून घासायला लागलं, अर्धा इंच कापावं लागलं. आणि मे महिन्यात शहाबादीवर पाय टेकला की जो थंडावा मिळायचा, तो या टाइलला नाही. आई अजून त्यावरून बोलते. शिवाय ओल्या पायाने घसरतं, मॅट फिनिश घ्यायला हवी होती.

आता स्वयंपाकघर. तिथे पैसे वाचवायचे म्हणून मीच अडून बसलो: हलणाऱ्या चार शहाबादी काढून खड्डे बुजवा आणि वरूनच टाइल लावा. मिस्त्री नको म्हणत होता. सप्टेंबरच्या पावसानंतर सिंकजवळच्या दोन टाइल बद्द वाजू लागल्या, आणि उंबऱ्यापाशी, दोन खोल्यांच्या मधोमध, ग्राउटला, म्हणजे टाइलांमधल्या सांध्यात भरलेल्या मालाला, बारीक चीर गेली. मला वाटतं माती हललीय, कारण पुढच्या खोलीत चीर नाही.

उरलेल्या सहा टाइल पलंगाखाली आहेत. काल मिस्त्रीला फोन केला, दिवाळीनंतर येतो म्हणाला. मग थांबून विचारलं, "या वेळी उकरायचं का साहेब, का वरूनच?"