जुनं नामांकित रेस्टॉरंट की बाजारातल्या गाड्या?
मोठ्या शहरात एकाच जेवणापुरता वेळ असेल तर काय निवडावं? नावाजलेल्या जुन्या रेस्टॉरंटात निवांत बसता येतं, वास्तूही पाहून होते. सोबत वयस्कर मंडळी असतील तर तेच बरं. टेबल मात्र आधी राखून ठेवा, साप्ताहिक सुट्टी तपासा. आणि मेन्यू कितीही लांबलचक असो, ज्या पदार्थावर त्यांचं नाव झालंय तोच मागवा.

बाजारात पदार्थ डोळ्यांदेखत बनतो, चार ठिकाणी थोडं थोडं चाखता येतं. जिथे स्थानिकांची गर्दी, तिथे माल पटापट संपतो, म्हणून ताजा मिळतो. बसायची सोय बेताचीच. तरी मी बाजारच निवडेन, तोही जेवणाच्या ऐन वेळेच्या थोडा आधी.