कनार्ड की नेहमीची शेपटी?
आरसी (रिमोटवर उडणारं) विमान स्वतः आखून बांधायचंय, पण छोटा पंख पुढे (म्हणजे कनार्ड) ठेवावा की मागे (म्हणजे शेपटी), इथे बरेच जण अडतात. ‘कनार्ड स्टॉल होतच नाही’ (म्हणजे नाक फार वर गेलं तरी पंखाची उचल तुटत नाही) ही जाहिरातबाजी बाजूला ठेवा.

खरी गोम गुरुत्वमध्यात आहे. शेपटीवाल्यात मुख्य पंखाच्या रुंदीच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत) 25-30 टक्क्यांवर तोल साधला की पहिलं उड्डाण बहुधा निभावतं. कनार्डमध्ये तो सहसा मुख्य पंखाच्याही पुढे येतो आणि दोन्ही पंखांचं क्षेत्रफळ धरून हिशेब करावा लागतो. मोटर बहुधा मागे, म्हणून बॅटरी पार नाकात सरकवायची. तरी कधीकधी शिसं चिकटवावं लागतंच.

स्टॉलचं म्हणाल, तर पुढचा पंख दोनेक अंश जास्त कोनात बसवला की तो आधी उचल सोडतो आणि नाक आपसूक खाली येतं. सुरेख! पण मुख्य पंखाची पूर्ण ताकद कधी वापरलीच जात नाही, त्यामुळे उतरण्याचा वेग जास्त. गुरुत्वमध्य मागे सरकला, तर मुख्य पंख आधी स्टॉल होऊ शकतो. मग सावरणं कठीण.

हाताने सोडताना मागचा प्रोपेलर बोटांजवळून जातो, तेही बघा. खर्चात फारसा फरक नाही.

पहिलंच विमान किंवा छोटं मैदान असेल, तर शेपटीवालं. उडवण्यात हात बसलाय आणि आखणीचाच नाद आहे, तर कनार्ड. मात्र आधी फोमचं छोटं ग्लायडर फेकून तोल तपासा.