पहिली ते बारावी घरीच: सीटन, मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस, कोल्बे की स्वतःची जुळणी?

मुलांना घरीच शिकवायचं, कॅथलिक श्रद्धेत आणि क्लासिकल पद्धतीनं शिकवायचं, इथवर अमेरिकेतल्या बऱ्याच कुटुंबांचं ठरलेलं असतं. गाडी अडते ती पुढे: अभ्यासक्रम कुणाचा घ्यायचा? घरी शिकणाऱ्यांना अभ्यासक्रम पुरवणाऱ्या सीटन, मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस आणि कोल्बे या कॅथलिक संस्थांपैकी एकीचा, की स्वतःच जुळवलेला? आम्ही मूळचे वसईचे, राहतो न्यूयॉर्क राज्यात. थोरली आता आठवीत आहे, धाकटा तिसरीत. माझं मत आधीच सांगते. बारा वर्षांसाठी एकच नाव शोधत बसू नका. मूल कोणत्या टप्प्यावर आहे आणि रोज त्याच्याशेजारी बसायला तुमच्याकडे किती तास आहेत, या दोन गोष्टींवर निवड ठरवा.

क्लासिकल शिक्षणाचे टप्पे तीन: व्याकरण, तर्क, वक्तृत्व. मध्ययुगात हे विषय होते. त्यांची वयाशी सांगड इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात घातली. लहान मूल आनंदानं पाठ करतं, मधल्या वयात हुज्जत घालतं, मोठं झालं की स्वतःचं मांडू लागतं. पाढे म्हणत वाढलेल्या आपल्या पिढीला यातला पहिला टप्पा समजावून सांगावा लागत नाही. वयाच्या रेषा मात्र काटेकोर धरू नका. माझा मुलगा सहाव्या वर्षापासूनच हुज्जत घालतोय.

सीटन होम स्टडी स्कूल व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयलचं, १९८० पासूनचं. खरं तर ते क्लासिकल नाही, जुन्या कॅथलिक शाळेच्या वळणाचं आहे. रोज काय करायचं याचा आराखडा हातात येतो, चाचण्या तेच तपासतात, संतांची चरित्रं भाषेच्या पुस्तकांतही भेटतात. न्यूयॉर्कमध्ये वर्षाच्या सुरुवातीला अभ्यासाचा आराखडा, मग चार तिमाही अहवाल आणि शेवटी मूल्यमापन द्यावं लागतं, तेव्हा अशी तयार कागदपत्रं मोठा आधार देतात. टेक्सासमध्ये राहत असाल तर ही गरजच नाही. अडचण एकच, पण मोठी: लिहिण्याचं काम फार. ऐकून शिकणारं लहान मूल कंटाळतं. मूल वर्षाच्या मध्येच शाळेतून काढलं असेल किंवा दोघंही नोकरीला असाल, तर पहिल्या वर्षासाठी मी हेच सुचवीन.

मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस कॅलिफोर्नियातलं, लॉरा बर्क्विस्ट यांनी सुरू केलेलं. स्वतःचा क्लासिकल अभ्यासक्रम कसा आखावा यावर त्यांचं पुस्तकही आहे. नाव घातलंत की प्रत्येक कुटुंबाला सल्लागार मिळतो. विषय कमी, पण कविता पाठ करणं, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगणं, नकाशे काढणं हे रोजचं. इथे शिकवणारी तुम्ही. पुस्तक मुलापुढे ठेवून स्वयंपाकाला लागता येत नाही, निदान पाचवी-सहावीपर्यंत तरी नाही. एवढा वेळ देता येत असेल तर या वयासाठी मला याहून चांगलं काही दिसलेलं नाही.

क्लासिकल अभ्यासक्रमातल्या लॅटिनला बरेच जण बिचकतात. मराठी माणसानं बिचकू नये. मी चपात्या लाटत असताना थोरली ओट्याशी उभी राहून ‘मेन्सा, मेन्साए, मेन्साए, मेन्साम, मेन्सा’ म्हणत होती. मध्येच थांबून विचारलं, “मम्मी, मेन्साए दोनदा का?” मेन्सा म्हणजे टेबल; एक षष्ठी, एक चतुर्थी, टेबलाचा आणि टेबलाला. “आणि मराठीत नाही का,” मी म्हटलं, “ ‘ला’ द्वितीयेलाही तोच आणि चतुर्थीलाही तोच?” स, ला, ते, स, ला, ना, ते घोकलेल्या आईला लॅटिनच्या विभक्त्या परक्या वाटत नाहीत. चौथीत सुरू करा, रोज पंधरा मिनिटं, खाडा न करता. अभ्यासक्रम बदलला तरी हा धागा तोडू नका.

कोल्बे अकॅडमी कॅलिफोर्नियातल्याच नापा गावची, संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांच्या नावाची, इग्नेशियन म्हणजे जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या परंपरेतली. तिचं बळ नववीनंतर दिसतं. मुलं ग्रीक महाकवी होमरपासून सुरुवात करून मूळ ग्रंथ वाचतात. साहित्य आणि इतिहास हातात हात घालून चालतात. आराखड्यात फेरफार करायची मोकळीक आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. चौदा वर्षांच्या मुलीला होमरच्या ‘इलियड’वर बोलायला आईखेरीज आणखी कुणी हवं असतं, म्हणून आम्ही हे ऑनलाइन वर्ग लावणार आहोत. त्याच वर्षी मी आमचा एक ग्रंथ जोडणार आहे, जो यांतल्या कुणाच्याच यादीत नाही: फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटानं बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली, १६१६ मध्ये ती छापली गेली. महाकाव्य वाचायचंच आहे, तर आपल्या भाषेतलं ख्रिस्ती महाकाव्यही तिच्या कानावर पडू दे.

राहिली स्वतःची जुळणी. पहिलीच्या वर्षी मी हौसेनं अकरा विषय आखले. नोव्हेंबरपर्यंत सात वह्या अर्ध्यावर राहिल्या होत्या आणि मुलगी सकाळी टेबलाशी यायला रडत होती. डिसेंबरात चारच ठेवले: वाचन, अंकगणित, धर्मशिक्षण, एक कविता. दोन तासांत संपे. तिसरीपर्यंत एवढं पुरतं, आणि ते कुणाचीही फी न भरता जमतं. दुसरीच्या आसपास पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारी येते, तेव्हा बाल्टिमोर कॅटेकिझम या धर्मशिक्षणाच्या जुन्या पुस्तकातली छोटी प्रश्नोत्तरं पाठ करून घ्या आणि ‘नमो मारिया’ ही प्रार्थना मराठीतूनही. मग आजीबरोबर फोनवर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणता येते.

तेव्हा आमचा क्रम असा: तिसरीपर्यंत स्वतः, चौथी ते आठवी मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस, नववीपासून कोल्बे. सातवी-आठवीत तर्कशास्त्र आणि बीजगणित एकदमच येतात. तिथे पुष्कळ घरं दमतात, म्हणून त्या दोन वर्षांत दुसरं काही नवीन जोडू नका. नववीपासून प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि गुण नोंदवून ठेवा, कॉलेज ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे या सगळ्या नोंदींचा तक्ता, मागतं. संस्था बदलणार असाल तर आठवीच्या हिवाळ्यातच विचारून घ्या की मुलाचं लॅटिन ते कोणत्या इयत्तेचं धरतील. आम्ही जानेवारीत विचारलं, तेव्हा कळलं की उन्हाळ्यात दोन धडे भरून काढावे लागतील.