३ टनी बॅटरीवाली फोर्कलिफ्ट, दीड वर्ष वापरून

चाकणला आमचं गोडाऊन आहे, बिस्किटं मसाले असा खायचा माल. आधी ३ टनी, म्हणजे ३ टन माल उचलणारी डिझेल फोर्कलिफ्ट होती, दीड वर्षापूर्वी तेवढ्याच टनाची बॅटरीवाली घेतली, लेड ॲसिड म्हणजे इन्व्हर्टरला असते तशी पाणी भरायची बॅटरी.

धुराचं आधी सांगतो कारण घेतली त्यासाठीच. डिझेल आत फिरली की संध्याकाळी खोक्यांवर बोट फिरवलं तर काळं व्हायचं, पोरांचं डोकं दुखायचं आणि आम्हाला वाटायचं पत्र्याखालच्या उकाड्याने होतंय. पण बंद जागेत कार्बन मोनॉक्साईड साचतो आणि त्याला वासच नसतो हो, कळत नाही. खायचा माल किंवा औषधं असतील तर आत डिझेल नकोच, हे मी अगदी मनापासून सांगतोय. बॅटरीवालीला आवाजही नाही, म्हणजे इतका नाही की मागून गाडी आलेली कळत नाही, त्यामुळे ब्लू लाईट (जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा) आणि रिव्हर्स हॉर्न लावूनच घ्या.

आता बॅटरी. फुल चार्जला ८ तास, मग थंड व्हायला वेळ, म्हणजे एका शिफ्टला मस्त पण दोन शिफ्ट असतील तर दुसरी बॅटरी किंवा लिथियम, ती जेवणाच्या सुट्टीत पण लावता येते. गुरुवारी इकडे लाईट जाते म्हणून बुधवारी रात्रीच चार्जिंग. २० टक्क्यांच्या खाली उतरवू नका. डिस्टिल वॉटर चार्ज झाल्यावर भरायचं, आमच्या पोरांनी आधी काठोकाठ भरलं आणि ॲसिड उतू जाऊन कोबा खराब झाला, विकणाऱ्याने हे एकदाही सांगितलं नव्हतं याचा राग अजून आहे. चार्जिंगला हायड्रोजन निघतो, जागा हवेशीर पाहिजे, तिथे बिडी सिगरेट अजिबात नाही.

आणि नंतर लिथियम टाकू म्हणणाऱ्यांनी एक ऐका, लेड ॲसिडचं वजनच मागे तोल धरतं, लिथियम हलकी असते. गाडीवरच्या माहितीच्या प्लेटवर बॅटरीचं कमीत कमी वजन लिहिलेलं असतं तेवढं भरलं नाही तर लोड उचलताना गाडी पुढे झुकेल.

जुनी डिझेल विकली नाही. बाहेर यार्डात खड्डे, चढ, पावसाळ्यात चिखल, तिथे तीच चालते, आणि ५ मिनिटांत डिझेल भरलं की परत कामाला.

सेकंड हँड बघत असाल तर रंग नंतर बघा, आधी बॅटरी कुठल्या सालची आहे ते विचारा, ती बदलायचा खर्च लय मोठा असतो.