स्कॅन उत्तम, फॉर्म मात्र साठीतल्या माणसाचा

पुण्यातल्या एका मोठ्या सेंटरच्या कार्डिॲक सीटीबद्दल हे लिहितोय, तेही फक्त विशी-तिशीतल्या रुग्णांपुरतं: इकोमध्ये हृदयाचा स्नायू जाड किंवा हृदय फुगलेलं दिसलं, म्हणून पुढे पाठवलेल्या. स्नायूतला व्रण बघायला पहिला मान एमआरआयचाच. पेसमेकर अडचणीचा ठरत असेल, एमआरआयच्या बोगद्यात जीव घाबरत असेल किंवा कोरोनरी धमनी जन्मतःच भलत्या जागेहून निघाली आहे का हे बघायचं असेल, तर सीटी.

तंत्रज्ञ तरबेज आहेत. ट्रॅफिकमधून स्कूटर हाणत आलेल्याची नाडी नव्वदच्या घरात असते. त्याला आधी शांत बसवतात, गरज पडली तर मेटोप्रोलॉल देऊन ती 60-65 पर्यंत आणतात. श्वास रोखायची तालीम टेबलावरच करून घेतात. ही तालीम टाळली की चित्रात पायऱ्या पडतात आणि धमनी तुटल्यासारखी दिसते.

अडतं ते स्कॅनआधी भरून घेतात त्या फॉर्मपाशी. साखर, बीपी, सिगारेट सगळं विचारतात. स्नायू जाड आहे का, हे नाही. आणि धमन्या रुंदावायला जिभेखाली नायट्रोग्लिसरीन सरसकट! अडथळा असलेल्या हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत, म्हणजे जाड स्नायू रक्ताची वाट अडवतो त्या आजारात, याने हृदयात परतणारं रक्त कमी होतं, बाहेर पडायची वाट आणखी आवळते आणि रुग्ण चक्कर येऊन पडू शकतो. इकोचा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवू नका, काउंटरवर हातात द्या.

दुसरं, त्यांचा नेहमीचा प्रोटोकॉल ठोक्याचा एकच टप्पा टिपतो. रेडिएशन कमी, धमन्या स्वच्छ. पण भिंत कशी हलते ते कळत नाही. त्यासाठी पूर्ण ठोका टिपावा लागतो आणि डोस बराच वाढतो, म्हणून ते डॉक्टरांनीच चिठ्ठीवर लिहिलेलं बरं. व्रण हवा असेल तर कॉन्ट्रास्टनंतर (शिरेतून दिलेल्या आयोडीनच्या द्रवानंतर) 5 ते 10 मिनिटांनी कमी केव्हीवर (एक्स-रे नळीच्या कमी व्होल्टेजवर) दुसरा स्कॅन लागतो. व्रणात आयोडीन रेंगाळतं, तो भाग उजळ दिसतो. सांगितलं नाही, तर तोवर रुग्ण टेबलावरून उतरलेला असतो. ईसीव्ही (स्नायूतल्या पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण) काढायचं असेल तर त्याच दिवशीचा हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) हवा. किडनीसाठीच्या क्रिएटिनिनच्या सुईतच सीबीसी उरका, हिमॅटोक्रिट त्यातच येतो.

पॅकेजमधला कॅल्शियम स्कोअर (धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा) बावीस वर्षांच्या मुलाला कशाला? तो बहुधा शून्यच येणार, आणि शून्य आला म्हणून स्नायू ठीक आहे असं मुळीच नाही. नको म्हणून सांगा. आमच्या मते तो पॅकेजमध्ये असण्याचं कारण वैद्यकीय नाही.

रिपोर्टमध्ये जाडी मिलिमीटरमध्ये देतात, पण कुठल्या टप्प्यावर मोजली ते लिहीत नाहीत. आकुंचनाच्या वेळी मोजलेले 15 मिमी आणि पूर्ण शिथिल असतानाचे 15 मिमी यांत निदानाचा फरक पडतो. फिल्मवर समाधान मानू नका. पातळ काप असलेली डायकॉम सीडी (मूळ डिजिटल चित्रांची) आणि डीएलपीचा, म्हणजे स्कॅनमधल्या एकूण रेडिएशनचा आकडा मागून घ्या. मागितलं की देतात, कुरकुर न करता.