घरच्या कूलरचं उदाहरण देऊन मला गंडवलं

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात माझं लग्नाच्या व्हिडिओंचं काम आहे. सीझनमध्ये रात्र-रात्र रेंडरिंग, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं, चालतं, म्हणून फेब्रुवारीत नागपूरहून सुटे पार्ट आणून पीसी जोडला. प्रोसेसर रायझन ५ ५६००, म्हणजे ६५ वॉटचा, फार न तापणारा साधा गडी.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुमच्या इकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जाते. पंख्यानं काय होते? घरी पाण्याचा कूलर लावता ना? तसंच आहे हे." पटलं. डेझर्ट कूलरपुढे झोपून लहानाचा मोठा झालेल्या माणसाला पटणारच! प्रोसेसर पाण्यानं थंड ठेवणाऱ्या लिक्विड कूलरचे आठ हजार मोजले.

घरच्या कूलरमध्ये ताट्यांवरचं पाणी उडतं आणि उडताना उष्णता ओढून घेतं, म्हणून हवा गार येते. पीसीमधलं पाणी बंद नळ्यांत फिरतं, तिथं उडण्याचा प्रश्नच नाही. ते प्रोसेसरची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या जाळीपर्यंत, नेतं आणि तिथं शेवटी पंखाच ती खोलीत फेकतो. खोली ४२ वर असली तर ते पाणी ४२ च्या खाली येत नाही. पीसीच्या एअर कूलरलाही, म्हणजे प्रोसेसरवरच्या नुसत्या पंख्यालाही, हीच मर्यादा. दोनशे वॉटच्या पुढचा प्रोसेसर असता तर मोठ्या रेडिएटरचा उपयोग होता. माझ्या ६५ वॉटला कशाला?

एप्रिलमध्ये पंपातून गुडगुड ऐकू यायला लागलं, मग तेही थांबलं. प्रोसेसर थेट ९० वर, रेंडर रडतखडत. वर्ध्याच्या एका मेकॅनिकनं ब्लॉक, म्हणजे कूलरचा प्रोसेसरवर बसणारा भाग, उघडला तर आत पांढरा थर! आमच्या कूलरच्या जाळीवर दर उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याचा जमतो, अगदी तोच. कोणीतरी जुनाच कूलर नळाचं पाणी भरून नवा म्हणून विकला होता. स्क्रूंची डोकी घासलेली होती, हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं, पण नव्या वस्तूच्या आनंदात लक्ष दिलं नाही.

वरून आणखी एक चटका. मेकॅनिकनं विचारलं, "याच्यासोबतचा पंखा कुठाय?" या प्रोसेसरच्या डब्यात कंपनीचा कूलर येतो. मला मात्र डबा आधीच फोडलेला मिळाला होता, "चेक करून देतो" म्हणून.

दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "पाण्याची गॅरंटी नसते भाऊ." हाती फक्त कच्चं बिल, त्यावर नुसतं 'कूलर' लिहिलेलं, ना मॉडेल ना सिरियल नंबर. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. तिथंही पहिला प्रश्न बिलाचाच.

सध्या प्रोसेसरवर दोन हजारांचा टॉवर एअर कूलर, म्हणजे उभा पंखेवाला कूलर, बसवलाय. दुपारी खोली ३९ वर असताना रेंडरमध्ये प्रोसेसर ८० च्या आसपास राहतो. लाइट गेली की मात्र दोघंही सारखेच, पीसीही आणि मीही.